तेवीस टक्के आणि चिमणाबाईची म्हैस

समजा, तुम्ही स्कूटरवर बसला आहात. दोन्ही पायांच्या मध्ये ॲल्युमिनियमचा जड कंटेनर पट्ट्यानं आवळून ठेवलाय. त्यात द्रव नायट्रोजन, आणि त्या जीवघेण्या गारठ्यात जपून ठेवलेल्या, रेड्याच्या वीर्याच्या काडीएवढ्या नळ्या. कंटेनर आडवा होऊन चालत नाही. समोर चढ आहे, एप्रिलातलं ऊन आहे आणि चौदा किलोमीटरवर एक म्हैस माजावर आली आहे. तिचा माज तुमच्यासाठी उद्यापर्यंत थांबणार नाही.

गाडी पेट्रोलची असती तर काय केलं असतं? हँडल धरून गदागदा हलवली असती आणि कान देऊन ऐकलं असतं. टाकीत डुचमळलं, तर निघायचं. नाहीतर पंपावर दोन मिनिटं, आणि मग निघायचं. पण ही गाडी विजेची आहे. हलवून बघा. काही ऐकू येत नाही. पडद्यावर नुसता आकडा: सेहेचाळीस टक्के.

आता सांगा, निघाल की थांबाल?

संयोगिता खोतला हा प्रश्न एका मंगळवारी पावणेचार वाजता पडला. पाच मिनिटांपूर्वीपर्यंत तिची खात्री होती की पडद्यावर निदान सत्तर असणार.

संयोगिता दूध संघाची कृत्रिम रेतनाची कामगार. गावात त्याला सरळ ‘म्हैस भरवणं’ म्हणतात आणि तिला ‘डॉक्टरीणबाई’. ती डॉक्टर नाही, हे ती एकोणीस वर्षं सांगतेय आणि एकोणीस वर्षं कुणी ऐकत नाही. घर राजारामपुरीत, कामाचा पट्टा शाहूवाडीकडच्या वाड्यांचा. बसणं तिला ठाऊक नाही. चहा उभ्यानं पिते, तोही अर्धा. गाडी स्टँडला लावल्यापासून परत किक मारेपर्यंत सात मिनिटांत म्हैस भरवून होते, हे ती अभिमानानं सांगायची. “बाई आल्या म्हणंस्तवर गेल्या,” अशी तिची ख्याती. कुणी बसायचा आग्रह केला की म्हणायची, “बसायचं असतं तर बँकेत लागले नसते का?”

त्या किकनंच तिचा गुडघा धरला, म्हणून महिन्यापूर्वी विजेची स्कूटर घेतली. नवरा माधव कोचिंग क्लासात फिजिक्स शिकवतो. त्यानं कागद घेतला. कंपनी म्हणते एकशे तीस किलोमीटर. घरापासून सगळ्यात लांबच्या वाडीपर्यंत चोपन्न, परत चोपन्न, झाले एकशे आठ. “बावीस शिल्लक,” असं म्हणून त्यानं पेनाला टोपण लावलं. त्याच्या कागदावर चढ नव्हता, कंटेनर नव्हता, ऊन नव्हतं, आणि “जाता जाता आमची पण बघा की” म्हणणारं कुणी नव्हतं. पहिल्याच आठवड्यात कळलं, गाडी नव्वद जाते, तेही गोडीगुलाबीनं. मग फाट्यावरच्या दूध संस्थेचे सचिव आण्णा यांनी भिंतीवरचा एक प्लग दिला. “लावा की म्याडम, करंटच तर हाय,” म्हणाले. दुपारी दोन-अडीच तास तिथं गाडी लावायची, तेवढ्यात फाट्यावरच्या म्हशी पायी फिरून तपासायच्या, असं बसवलेलं होतं.

त्या मंगळवारी पहाटे पाचला फोन वाजला. चिमणाबाईचा.

“बाई, सोट टाकलाय. काचंवानी. आत्ता बघितलं मी.”

सोट म्हणजे माजाचा चिकट, तारेचा स्राव. संयोगिता अंथरुणात उठून बसली. चिमणाबाईची म्हैस आधी दोनदा उलटली होती, म्हणजे भरवूनही गाभ राहिली नव्हती. आई मेलेलं रेडकू चिमणाबाईनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. त्याची ही म्हैस झालेली. तिचा मुलगा सम्राट मात्र कंटाळला होता. ह्या माजाला राहिली नाही तर व्यापाऱ्याला बोलावणार, हे त्यानं आईला आणि संयोगितालाही तोंडावर सांगितलं होतं. एक डाव उरला होता.

नियम सोपा आहे. माज सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर सकाळी. संध्याकाळी पाचच्या आसपास पोचायचं, मधे दोन कामं, दोन वाजता गाडी फाट्यावर प्लगला. सगळं जुळत होतं. दोन वाजता पडद्यावर एक्केचाळीस होते. तिनं वायर लावली, हिरवा दिवा लुकलुकताना बघितला, पाच पावलं गेली, परत येऊन पुन्हा बघितला आणि गल्लीत तीन म्हशींची गाभ तपासायला गेली.

पावणेचारला आली तर भिंतीजवळ गाडीच नाही.

गाडी होती पन्नास पावलांवर, चिंचेखाली. सीटवर ओलं पोतं. आणि शेजारी आण्णांची बायको आक्का, पदरानं वारा घेत उभी.

“आक्का, गाडी इथं कुणी आणली?”

“मी, आन् शेजारच्या दोघी. ढकलत आणली. लाही फुटत हुती बघ तिला उन्हात. हात ठेवला तर चटका!”

“आणि वायर?”

“वायर कुठली पोचतीया इथवर? काढली.”

“कधी काढली?”

“तू गेलीस आन् काढली. पंधरा-वीस मिंटं झाली असतील. अगं, जनावर असूं दे न्हायतर गाडी, उन्हात बांधून वैरण घालतंय व्हय कुणी? आधी सावली, मग वैरण.”

आतल्या बाकावरून आण्णा उठून आले. झोपेनं त्यांचे डोळे लाल होते. “आगं, ती करंट खात हुती! गवत न्हाय!”

“मग खाईल की उनं उतरल्यावर! करंट काय पळून जातोय?”

“करंट न्हाय, म्याडमचा येळ पळून गेला न्हवं!”

संयोगिताला ओरडायचं होतं. पण ओल्या पोत्याकडं बघून ओरडता येईना. तिनं बॅटरीच्या जागी हात ठेवला. थंड होती. भर उन्हात चार्ज करू नका, असं गाडीच्या पुस्तकातही लिहिलं होतं. आक्कानं पुस्तक न वाचता निम्मं बरोबर केलं होतं, आणि निम्म्यानं घात केला होता.

“तासभर लावा, च्या घ्या, मग जावा,” आण्णा म्हणाले.

तासाला अठरा टक्के. तास थांबलं तर चौसष्ट होतील आणि पाच वाजून जातील. पुढं घाट आहेच. वर सम्राट घड्याळ बघत बसलेला असणार. तिनं कंटेनरचं झाकण उघडून लाकडी पट्टी आत बुडवली, बाहेर काढून हवेत हलवली. पट्टीवर पांढरं दव धरलं, चार बोटं. नायट्रोजनचा हिशोब असा डोळ्यांना दिसतो. बॅटरीत कुठली पट्टी बुडवायची?

ती निघाली.

सपाटीचे चार किलोमीटर चार टक्क्यांत गेले. घाटाच्या पायथ्याला पेट्रोल पंप आहे. तिथं एक जण सीट उघडून उभा होता. ती जवळ येईपर्यंत टाकी भरून झाली आणि ती पुढं गेली तोवर तो निघूनही गेला. संयोगितानं त्या पंपाकडं, माहेरच्या दारावरून न थांबता पुढं जावं लागल्यासारखं बघितलं. मग चढ लागला. एकोणचाळीस. सदतीस. वळण संपलं की एक टक्का कमी, कधी दोन. वेग वीसवर आणला. पेट्रोलच्या गाडीला चढावर मूठ जोरात पिळायची सवय. इथं पिळली की आकडा गडगडतो. रस्त्याकडं बघायचं की आकड्याकडं? कंटेनर पायांत हिंदकळला की ती तो गुडघ्यांनी आवळून धरायची. एकतीस. जुन्या गाडीला रिझर्व्हच्या नळाचा कान होता, पिळला की अर्धी काळजी मिटायची. इथं कान नाही, आवाज नाही, वास नाही. अठ्ठावीस. पंचवीस.

वाडीत शिरली तेव्हा पावणेपाच झाले होते, आणि तेवीस टक्के.

सम्राट दारात मोटारसायकलवर आडवा बसला होता. “या की बाई. मला वाटलं, ढकलत येतासा काय.”

“आले ना वेळेत?”

“आलासा. आता जाणार कशा? पेट्रोलची असती तर बाटली भरून आणून दिली असती मी. करंट कशात आणू?”

“ए, गप,” चिमणाबाई गोठ्यातून ओरडली. “मिक्सरचं बटण दाखव बाईस्नी.”

स्वयंपाकघरातल्या मिक्सरच्या प्लगला वायर लावली. हिरवा दिवा लुकलुकू लागला. आता सात मिनिटं. संयोगितानं कोमट पाणी मागवलं, खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला आणि म्हैस तपासली. सोट अजून पातळ होता. गर्भाशय हाताला सैल लागत होतं, हवा तसा ताठपणा आला नव्हता. पण बारा तास होत आले होते. नियमात बसत होतं. चाललं असतं. मागच्या दोन्ही वेळेलाही असंच लागलं होतं आणि तिनं ‘चालेल’ म्हणून भरवलं होतं, हे तिला नळी काढायचा चिमटा हातात घेतल्यावर आठवलं.

ती थांबली. दिवा बघितला. चोपन्न किलोमीटर परत जायला निदान साठ टक्के पाहिजेत. म्हणजे सात वाजल्याशिवाय सुटका नाही. मग ही सात मिनिटांची घाई कुणासाठी?

“मावशी, पाणी राहू दे. थांबू जरा.”

“थांबू?” चिमणाबाई कमरेवर हात ठेवून बघायला लागली. “तुमी?”

थांबणं सोपं नव्हतं. संयोगिता दगडावर बसली, उठली, आत जाऊन आकडा बघून आली. एकोणतीस. पुन्हा बसली. माधवला फोन केला. “शेवटचे वीस टक्के सावकाश भरतात, ऐंशीच्या पुढं थांबू नकोस,” असं तो समजावायला लागला. “ऐंशी बघायला मी इथं मुक्काम करू का?” म्हणून तिनं फोन ठेवला. चहा आला. तिनं तो पूर्ण प्यायला, तेव्हा कपाच्या तळाशी आल्याचा चोथा दिसला. इतक्या वर्षांत या घराच्या चहात आलं असतं हेच तिला माहीत नव्हतं. छत्तीस. शेजारची बाई डोकावून गेली, “डॉक्टरीणबाई बसल्यात?” असं विचारून. बेचाळीस.

सहाला चिमणाबाई धार काढायला बसली. कासेला चार वेळा हात फिरवला, तांब्या तसाच कोरडा.

“आज पान्हा चोरतीया. माजाचंच हाय हे.” मग आत, दिव्याकडं मान वळवून म्हणाली, “तुमची गाडी तरी बरी. सावकाश का असंना, पान्हा सोडतीया!”

संयोगिता हसली. त्या दिवसातलं पहिलं हसू.

“एक सांगू का बाई?” चिमणाबाई तांब्या पालथा घालत म्हणाली. “मागच्या दोन्ही डावाला तुमी गेल्यावरच ही वरडाय लागली. दिवा लावायच्या येळंला. दावं तोडती का काय असं.”

“मग मला कळवायचं नाही का?”

“केलता की फोन. दोन्ही बारीला. तुमी म्हनलासा, ‘झालंय मावशी काम, काळजी करू नका.’”

संयोगिताच्या तोंडचं हसू गेलं. पहिला फोन आठवला. तेव्हा पेट्रोलची गाडी होती, टाकी भरलेली होती, परतीच्या वाटेवरच्या वाडीत अजून एक म्हैस होती. दुसराही आठवला. तेव्हा ही नवी गाडी होती आणि अंधाराआधी घर गाठायचं होतं. दोन्ही वेळेला ती रस्त्यावर होती, हेल्मेटमध्ये फोन खुपसून.

पावणेसातला म्हैस ओरडली. एकदा, मग लांब, पोटातून. शेपूट बाजूला घेऊन उभी राहिली. सोट आता दोरीसारखा लोंबत होता. संयोगितानं हात घालून बघितलं. गर्भाशय आता ताठ लागत होतं. कंटेनरमधून नळी काढली, कोमट पाण्यात धरली, घड्याळात तीस सेकंद मोजले. चिमणाबाई म्हशीच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होती. सम्राट दारात येऊन उभा होता.

“राहतीया का बाई?” शेवटी त्यानंच विचारलं.

“एकवीस दिवसांनी तीच सांगेल. तोवर व्यापाऱ्याला फोन करायचा नाही.”

“न्हाय करत.”

सव्वासातला ती निघाली तेव्हा पडद्यावर अडुसष्ट होते. उतारावर मूठ सोडून दिली की गाडी थोडी वीज परत भरून घेते. तीन वळणांनी आकडा एकोणसत्तर झाला. एरवी तिनं माधवला हे कौतुकानं सांगितलं असतं. आज तिचं लक्ष नव्हतं. पायथ्याचा पंप आला आणि मागं गेला, तिनं बघितलंही नाही.

घरी, कपाटाच्या खालच्या कप्प्यात तिच्या एकोणीस वर्षांच्या नोंदवह्या आहेत. प्रत्येक म्हशीपुढं भरवल्याची वेळ लिहिलेली. चार दहा. साडेचार. चार पन्नास. क्वचितच कुठं सात. आणि किती ओळींपुढं तिच्याच अक्षरात ‘उलटली’. ती सगळी खापरं तिनं उन्हावर, चाऱ्यावर, म्हशींच्या मुक्या माजावर फोडली होती. आज जेवण्याआधी त्या वह्या काढायच्या, असं ठरवत ती फाट्यावर पोचली. आक्कानं चिंचेखालून हात केला. भिंतीपासून झाडापर्यंत पोचेल अशी लांबलचक पिवळी वायर आण्णा अंगणात उलगडत होते. संयोगितानं हॉर्न दिला, पण थांबली नाही.

वह्यांत वेळ सापडेल. पण गोठ्यातून ती निघाल्यावर दिवेलागणीला कोणती म्हैस ओरडली, हे कुठल्या वहीत लिहिलेलं असणार? टाकी भरलेली होती, निघता येत होतं, एवढ्याच कारणासाठी एकोणीस वर्षांत आपण किती म्हशी अर्ध्या माजात सोडून आलो?