उंबऱ्यावर दिलेला तुकडा

ठकी गेली तेव्हा मी चुलीपुढं बसलो होतो. पहिली भाकरी तव्यावर होती. त्या वासानं ती रोज उठायची, त्या दिवशी उठली न्हाई. जाऊन हात लावला तर अंग गार... मागं भाकरी जळून कोळसा झाली. पाच आठवडे झाले त्याला. कुत्र्यावर काय लिहायचं, असं ज्याला वाटतंय त्यानं पान उलटावं.

माझी बायको शेवंता कुणाला उपाशीपोटी उंबरा ओलांडू द्यायची न्हाई. मी पलटणीत होतो, तेव्हा रजा संपवून निघताना उंबऱ्यावर अडवायची आणि दुधात बुडवलेला भाकरीचा तुकडा तोंडात कोंबायची. म्हणायची, "खाऊन जावा, म्हंजी माघारी येशीला." दर वेळेला आलो. ठकीला तिनंच आटपाडीच्या बाजारातनं पदराखाली घालून आणली होती, एवढीशी. शेवंता गेल्यावर घरात आम्ही दोघंच राहिलो; बाहेर पडताना तुकडा मीच दुधात बुडवायचो, अर्धा तिला, अर्धा मला. भाकरी थापायला शिकलो ते ठकीसाठी, माझं पावावर भागलं असतं.

ठकी अकरा वर्षांची झाली आणि तिच्या सडाजवळ गाठ आली. सांगलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कॅन्सर आहे, बाबा. वय झालंय, पण ऑपरेशन करून बघू. सोमवारी आणा. मात्र आदल्या रात्रीपासून पोटात काही नको." मी मान डोलावली.

सोमवारी पहाटे रशीदचा टेंपो दारात आला. रशीद माझ्या बरोबरीचा, डाळिंबाची वाहतूक करतो. ठकी उंबऱ्यावर थांबली आणि माझ्या हाताकडं बघत राहिली. इथं काहीतरी मिळतं, हे तिला ठाऊक होतं. बाईंचं बोलणं माझ्या ध्यानात होतं. पण सांगली लांब, तिथं सुरी लागणार, आणि ही उपाशी... मी तुकडा दिला. दुधात बुडवून.

दवाखान्यात पहिली सुई टोचली आणि तिनं सगळं ओकून टाकलं. बाईंनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो न्हाई. ऑपरेशन आठ दिवस पुढं गेलं. वाटेत रशीद भडकला. "पलटणीत इतकी वर्सं हुकूम पाळलास, आन ह्या बाईंचं एक ऐकाय आलं न्हाई व्हय रं?"

"शेवंताचं ऐकलं," मी म्हणालो.



त्या आठ दिवसांत गाठ फुटली. माश्या बसू नयेत म्हणून शेवंताच्या लुगड्याचा पट्टा फाडून बांधला. पुढच्या सोमवारी ठकीला मागच्या दारानं बाहेर काढली, उंबऱ्यावर थांबायलाच नको. ऑपरेशन झालं. मग दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध, चार वेळा. तेव्हा बाईंनी खायला मना केलं नव्हतं, पण माझा धीर झाला न्हाई. दर खेपेला ती मागच्या दारानं उपाशी गेली आणि दर खेपेला माघारी आली. आल्यावर दोन-दोन दिवस ओकायची. मी जमिनीवर बसून तळहातावर पेज धरायचो. रशीद म्हणायचा, "गड्या, बायकूला कवा पाण्याचा तांब्या दिला न्हाईस, आन आता बघ." खरं होतं ते.

शेवटी तिला धाप लागायला लागली. बाईंना विचारलं, त्या आठ दिवसांनी घात केला का? म्हणाल्या, "नाही हो बाबा. फुप्फुसात ते आधीच गेलं असेल." बाई भल्या आहेत. मी पुढं विचारलं न्हाई.

परवा उरलेल्या गोळ्या दवाखान्यात द्यायला निघालो, दुसऱ्या कुणाच्या कुत्र्याला होतील. सवयीनं तुकडा दुधात बुडवला आणि उंबऱ्यावर आलो. तुकडा हातातच मऊ होऊन गळायला लागला.

टेंपोतनं रशीद ओरडला, "खा की रं! कुनाची वाट बघतुयास?"

मला खाववेना. तुकडा उंबऱ्यावर ठेवला, आत वळलो आणि मागच्या दारानं बाहेर पडलो.