आईच्या बोटातली अंगठी

“कडं तापवलं की त्याचं भोकसुद्धा मोठं होतं,” असं बदनापूरच्या शाळेत आमचे विज्ञानाचे सर म्हणाले होते. आज तेच वाक्य मी अकरावीतल्या लेकीला सांगत होते. गतीची गणितं सुटली होती, प्रसरणाची चालू होती.

बाजूला बसलेल्या माझ्या आईनं हात पुढं केला. “मंग माझी अंगठी तापवून काढा की.”

मैत्रिणींनो, आईचं बोट सुजत चाललंय. अंगठी कापा, नाहीतर बोट जाईल, असं डॉक्टर सकाळीच म्हणाले. पण ती बाबांनी घातलेली, आणि बाबा आता नाहीत. आई कापू देत नाही.

लेकीनं खरंच गणित मांडलं. उत्तर आलं तसं तिनं पेन खाली ठेवलं.

“किती आलं गं?”

“आजी, तेवढी सैल व्हायच्या आधी सोनंच वितळंल.”

आई अंगठीवरून हलकेच बोट फिरवत राहिली. “बराबर हाय. मंग राहू दे हातातच.”

तुम्ही काय केलं असतं? मी आता पुन्हा तिच्यापुढं जाऊन बसतेय. न्हाई म्हणेल, माहीत आहे.

आई, सोनार पुन्हा जोडून देईल. आजच कापू दे.