शफीभाईंची भट्टी आणि आमचं टार्गेट

शफीभाई थेरगावचे. चाकणच्या आमच्या कंपनीत गिअर तापवून कडक करायची तेलावरची भट्टी त्यांनी चोवीस वर्षं सांभाळली. ज्वाळेचा रंग बघून ते तापमान सांगत, आणि मीटरकडे धावणाऱ्याला हसत. मी रोहिणी, त्याच कंपनीच्या पर्यावरण विभागात. विभाग म्हणजे मी आणि एक खुर्ची. शफीभाईंबद्दल लिहायचं तर माझी करणी लपवून चालणार नाही.

परदेशी गिऱ्हाइकानं अट घातली. तुमच्या कारखान्याचा कार्बन २०३० पर्यंत निम्म्यावर आणा, आणि ते टार्गेट बाहेरच्या संस्थेकडून तपासून घ्या. निम्मा कशाच्या? तर २०१९ सालच्या. पण तेलाची बिलं मालकाच्या दोन कारखान्यांची एकत्र. आमच्या भट्टीत किती जळालं, हे फक्त शफीभाईंच्या वहीत.

त्या वहीप्रमाणे आम्ही तिसरा हिस्सा आधीच कमी केला होता. साहेबांनी पेढे वाटले. माझा पेढा काही घशाखाली उतरेना. कारण तेल कमी झालं ते नेमकं तेल मोजायचा नवा मीटर बसला त्या महिन्यात. मीटर बसवल्यानं तेल कमी जळतं, असं मला कुणी शिकवलं नव्हतं.

चहाच्या सुट्टीत मी शफीभाईंना गाठलं.

"वाढवून लिहायचो, ताई," ते सरळ म्हणाले. "दर शंभर लिटरमागे दीडशे. टँकर दोन-दोन दिवस अडकतो. भट्टी थंड पडली की आतल्या विटा तडकतात. म्हणून जादा मागवायचं. उरलेलं महिन्याअखेरी दुसऱ्या कारखान्यात जायचं. सगळे भट्टीवाले असंच करतात."

"हे लिहून द्याल?"

"माझ्या नोकरीचं काय?"

"तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही," मी म्हणाले. कुणाच्या जिवावर म्हणाले, देव जाणे. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि सही केली.

खरा आकडा धरल्यावर कळलं, आम्ही काहीच कमी केलं नव्हतं. आता कमी करायचं तर भट्टीच बदलायला हवी होती. विजेवरची आली. ती चालवायला डिप्लोमावाली दोन पोरं आली. एक्कावन्न वर्षांच्या शफीभाईंना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. स्वेच्छा कुणाची, ते विचारू नका. मी साहेबांकडे दोनदा गेले. दुसऱ्यांदा त्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

नवी भट्टी कामाला पुरेना. मग निम्मे गिअर कुरुळीच्या एका शेडमध्ये जायला लागले. टार्गेट खरं धरायचं तर बाहेर करून घेतलेल्या कामाचा धूरही आपल्याच नावावर मोजावा लागतो. म्हणून यंदा मार्चमध्ये मी ती शेड बघायला गेले.

आत आमचीच जुनी भट्टी पेटलेली. शेडवाल्यानं ती भंगाराच्या भावात उचलली होती. समोर शफीभाई, रोजंदारीवर. हातमोजे फाटलेले. मला बघून त्यांनी स्वतः स्टूल पुसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"रोजचं किती तेल लागतं?" मी विचारलं.

"एकशे ऐंशी लिटर," ते लगेच म्हणाले. "आता एक थेंब जास्त सांगत नाही, ताई."

तो आकडा तपासणीच्या फॉर्मात गेला असता तर टार्गेट कोसळलं असतं, आणि शेडचं काम दुसऱ्या दिवशी बंद झालं असतं. शफीभाईंची चूल पुन्हा माझ्याच हातून विझली असती. मी पेन उघडलं आणि भट्टीच्या रकान्यात लिहिलं, 'विजेवरची.'

मे महिन्यात टार्गेट मंजूर झालं. त्यानंतर एकदा डांगे चौकात शफीभाई भेटले, बायको मदिनाभाभींबरोबर. त्यांना बातमी कळली होती.

"या वेळी सगळं खरं लिहिलं ना, ताई?" त्यांनी हौसेनं विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" ते भाभींना म्हणाले. "रोहिणीताई खोटं लिहिणार नाही."