काच, चिनी माती आणि तिसरं कोटेशन

माझ्या काकांनी आयुष्यात एकही वस्तू चुकीची घेतली नाही, असं ते अभिमानाने सांगतात. ते खरंच आहे. मुळात वस्तूच फारशा घेतल्या नाहीत, तर चुकणार कुठून?

काका एका मोठ्या रुग्णालयाच्या खरेदी विभागात होते. तिथला नियम असा, की तीन कोटेशनं हातात आल्याशिवाय टाचणीसुद्धा घ्यायची नाही. बाकीचे कारकून हा नियम संध्याकाळी कपाटात ठेवून घरी जायचे. काका तो बरोबर घेऊन यायचे, आणि निवृत्त झाल्यावर तर तो कायमचाच मुक्कामाला आला. त्यांच्या घरात पडदे लागायला इतका काळ गेला, की समोरच्या इमारतीतल्या लोकांना यांच्या जेवणाच्या वेळा पाठ झाल्या होत्या. मी त्यांची पुतणी, वरच्याच मजल्यावर राहते. त्यामुळे हे सगळं मला घरबसल्या पाहायला मिळतं.

काकू मात्र सरळ बाई. ती लिंबाचा केक करते, आणि तो केक खाल्ल्यावर माणूस थोडा वेळ तरी भांडण विसरतो. आमच्या इमारतीच्या खालीच कॉफीचं दुकान आहे. तिथल्या मालकिणीने माझ्या घरी तो केक खाल्ला आणि तिथल्या तिथे काकूला म्हणाली, "शुक्रवारपर्यंत एक नमुना आणून द्या. जमलं तर रोजचे केक तुमच्याकडूनच घेईन."

काकू घरी आली ती लाजतच. इतकी वर्षं तिने घरातल्यांसाठी रांधलं होतं, आणि घरातल्यांनी मीठ कमी पडलं तेवढंच सांगितलं होतं. बाहेरच्या कुणीतरी तिच्या हातचं मागायची ही पहिलीच वेळ. मला म्हणाली, "हे जमलं ना, तर माझं स्वतःचं काहीतरी होईल गं." मला गलबलून आलं. काका म्हणाले, "विचार करू."

विचार करायचं कारणही होतं. काकूचा केकचा पत्र्याचा साचा तळाशी गंजला होता, आणि लिंबाच्या आंबटपणाने केकला गंजाची चव यायला लागली होती. घरी चालून जायचं. काका दोन तुकडे खाऊन "बरा आहे" म्हणायचे. विकायचा म्हटल्यावर नवं भांडं हवं. काकू, काका आणि मी भांड्यांच्या दुकानात गेलो.

दुकानदाराने दोन भांडी पुढ्यात ठेवली. एक काचेचं, एक चिनी मातीचं, बरणीसारखं जाडजूड. काच आरपार दिसते, तळ किती भाजला ते बाहेरून कळतं, पण गरम असताना गार पाणी लागलं की संपलं. चिनी माती तापायला वेळ लावते, पण तापली की सगळीकडून सारखं भाजते. मात्र उचलताना मनगट बोंबलतं.

काकूचं मनगट आधीच दुखरं. ती म्हणाली, "अहो, काचेचंच घेऊ या. तळ दिसला की मला बरं वाटतं."

"बरं वाटणं हा निकष नाही," काका म्हणाले, आणि दुकानदाराकडे वळले. "तिसरं काय आहे?"

"तिसरं म्हणजे? ही दोनच आहेत काका. नाहीतर ते रबरासारखं मऊ येतं ते बघा."

"रबरात भाजलेलं मी खाणार नाही."

"मग दोनच."

"दोनावर ठरवता येत नाही," काका म्हणाले आणि दुकानाबाहेर पडले. काकूने काचेचं भांडं हातात धरलेलं होतं. ते तिने परत ठेवलं. मी तेव्हाच ते विकत घ्यायला हवं होतं, पण मी पडले पुतणी, काकांच्या संसारात नाक कशाला खुपसा!

मग काकांनी संशोधन हाती घेतलं. शेजारच्या सूनबाईकडून काचेचं भांडं मागून आणलं, तळमजल्यावरच्या शिक्षिकेकडून चिनी मातीचं. गुरुवारी दोन्हींत सारखंच पीठ घालून दोन्ही एकाच वेळी ओव्हनमध्ये सरकवली. काकू म्हणाली, "सारखं उघडू नका, केक बसेल." काका सारखं उघडत राहिले. हातात विजेरी, डोळ्यांवर चष्मा, जणू पेशंट आत झोपलाय आणि नातेवाइकांना काय सांगायचं ते ठरायचंय. दोन्ही केक मधोमध खचले. काकांनी निष्कर्ष काढला, की दोन्ही भांडी सदोष आहेत. निष्कर्ष काढता काढता काचेचं भांडं त्यांनी मोरीच्या ओल्या कट्ट्यावर टेकवलं. टण्णकन आवाज झाला आणि त्याचे दोन तुकडे झाले.

"बघितलंस?" काका विजयाने म्हणाले. "हे लक्षात आलं ना वेळेवर?"

शेजारच्या सूनबाईच्याही लक्षात आलं. काकूने तिची माफी मागितली, काकांनी तिला काचेचे गुणधर्म समजावले.

शुक्रवारी काकूने उरलेल्या चिनी मातीच्या भांड्यात केक केला. त्या भांड्याची सवय नाही, पत्र्याच्या साच्याइतकाच वेळ ठेवला, मधे कच्चा राहिला. पुन्हा सामान आणलं, पुन्हा घातला. तोवर खालच्या दुकानाचं दार बंद झालं होतं.

शनिवारी सकाळी दुकान उघडताउघडताच आम्ही तिघं खाली गेलो. केक सुरेख झाला होता. वरून सोनेरी, आतून मऊ, वास जिन्यावरून आमच्या पुढे चाललेला. मालकिणीचा चेहरा मात्र आम्हाला पाहून उतरला.

"काकू, मी काल रात्रीच दुसऱ्यांना होकार कळवला हो," ती म्हणाली. "खरं सांगू? मी नमुन्याशिवायच तुमचं नक्की करणार होते. पण परवा काका कॉफी प्यायला आले होते. ते म्हणाले, ओळखीचं माणूस आहे म्हणून भुलू नका, माझी बायको असली तरी सूट नको, तीन नमुने मागवा आणि मगच ठरवा. मला पटलं. आणखी दोघांकडून मागवले. ते दोन्ही काल वेळेत आले."

मी काकांकडे पाहिलं. निदान आता तरी हा माणूस मान खाली घालेल, असं मला वाटलं.

"म्हणजे," काका धक्का बसल्यासारखे म्हणाले, "तुम्ही दोनच नमुन्यांवर निर्णय घेतलात?"

मालकीण कप पुसायला लागली. मला पुष्कळ बोलायचं होतं, पण दुकानात इतर माणसं होती. काकूने केकवरचं झाकण नीट बसवलं, "पुढच्या वेळी बघू" म्हणाली आणि वळली.

घरी आलो. तिने केक टेबलावर ठेवला, सुरी आणली, तीन तुकडे कापले. एक मला दिला, एक काकांपुढे सरकवला, एक स्वतः घेतला. काकांनी घास खाल्ला आणि म्हणाले, "चांगला झालाय गं. तिने थांबायला हवं होतं."

"कशाला थांबेल?" काकू म्हणाली. "मी जन्मभर थांबले तुमचं ठरायची वाट बघत. ती बाई एक रात्र थांबली नाही. हुशार आहे हो."