पहाऱ्यावरची मुलं

मुलांवर लक्ष ठेवणं हे आईवडिलांचं परम कर्तव्य आहे. जळगावच्या एका नव्या हॉटेलात परवा हे वाक्य भिंतीवर सोनेरी अक्षरांत वाचलं. तेवढ्यात शेजारच्या टेबलावर लिंबू पिळलेले मसाला शेंगदाणे आले आणि त्या वासानं मला थेट धुळ्याच्या एका परमिट रूममध्ये नेऊन बसवलं.

मी तेव्हा आठ वर्षांची होते. आबा पंपाची मोटार दुरुस्तीला धुळ्याला न्यायचे, तेव्हा आई मला सोबत धाडायची. पोर बरोबर असली की बाप पीत नाही, असा गावोगावच्या आयांचा विश्वास होता. त्या दिवशी परमिट रूमच्या कोपऱ्यातल्या टेबलावर माझ्यासारखीच पहाऱ्याला पाठवलेली आणखी तीन मुलं बसली होती.

आबांनी मला त्यांच्यात बसवलं आणि शेंगदाण्यांची अख्खी बशी पुढे सरकवली. "बठ्ठं खाय, पन तुनी मायले सांगू नको."

थोड्या वेळानं मी जाऊन त्यांची बाही ओढली. "आबा, चला ना, एसटी जाईल." त्यांनी प्रेमानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं ग्लास उचलला.

परत येऊन मी शेजारच्या मोठ्या मुलीला विचारलं, "तुझे बाबा कधी उठतात?"

"ते उठत नाहीत. मालक उठवतो," ती शेंगदाणे तोंडात टाकत म्हणाली.

तेव्हा राग आबांचा आला होता. आता आई आठवते. पाठवायला तिच्याकडे दुसरं कुणीच नव्हतं.

अंधार पडल्यावर मालक आमच्या टेबलाशी आला. मुलं किती शहाण्यासारखी बसली आहेत, असं म्हणून त्यानं प्रत्येकाला एकेक लिमलेटची गोळी दिली. आमची शेवटची एसटी तोवर गेली होती.