मेल्यानंतरचं काम
राजिवड्यात कुणी बाई वारली की तिला शेवटची आंघोळ, म्हणजे गुसल, द्यायला खैरून फूफू जायची. हाताखाली तिची भाची तूबा. तिथून परतली की तूबा तिची मैत्रीण आर्या हिच्याबरोबर मोबाइलवर एक जपानी ॲनिमे मालिका बघायची. त्यातले भाडोत्री मारेकरी गोळ्या झाडता झाडता आज भांडी कुणी घासायची यावर भांडायचे. दोघी पोट धरून हसायच्या.

“हाणामारी झकास, विनोद त्याहून झकास,” तूबा एकदा म्हणाली. “पण एक खोट आहे गो. माणूस मरतं नि तिथंच पडून राहतं. त्याला उचलायला कुणीच कसं येत नाही?”

“साहित्याची पदवी माझी आणि समीक्षा तू कर!” आर्याने तिला चिडवलं.

काल खैरून फूफूच गेली. तिला गुसल द्यायला आता तूबा एकटीच उरली.

“दुसऱ्या कुणाला बोलवू या का?” आर्याने दारात विचारलं.

“नको. पाणी कोमटच हवं. तिला गार सोसत नसे.”

तूबा आत गेली. दार लागलं. आर्या पायरीवर बसून राहिली. आत पाणी सावकाश ओतलं जात होतं.