पंपखोलीतली चार माणसं

माझी आत्या प्राथमिक शाळेत गणित शिकवायची आणि आयुष्यात तिने तीन वेळा देश मोजला. असं म्हटलेलं तिला खपायचं नाही. "देश नाही, एक गल्ली," ती म्हणायची. "देश मोजणारे वेगळे. ते खुर्चीत बसतात."

लग्नानंतर अकरा महिन्यांनी ती एक पत्र्याची पेटी घेऊन आमच्याकडे परत आली होती, माझ्या जन्माच्याही आधी. का आली, ते तिने सांगितलं नाही. आजोबांनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायची त्यांची छाती झाली नाही. उंची पाच फुटांच्या आत, आवाज मात्र न ओरडता शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. शाळेत मुलं तिला पट्टीबाई म्हणत. मारायची म्हणून नव्हे, फळ्यावर एका शब्दाखाली रेघ मारायची तरी पट्टी लावून मारायची म्हणून.

पहिल्या जनगणनेला ती एकतीस वर्षांची होती. तेव्हा तिला कुत्रा चावला आणि एक गोष्ट कळली. घरात किती माणसं, असं विचारलं की लोक आधी कमावते सांगतात, मग मुलगे, मग मुली. अंथरुणाला खिळलेली म्हातारी आणि कामाला ठेवलेलं माणूस सांगायचं त्यांच्या डोक्यातच येत नाही. मग आत्या लिहिलेली नावं वाचून दाखवायची, पेन तसंच उचलून धरायची आणि म्हणायची, "आणि?" बऱ्याच घरांत त्या एका शब्दावर आणखी एक माणूस निघायचं. एका घरात तर जुळ्या मुलींतली दुसरी निघाली. बाप म्हणाला, दोघी सारख्याच दिसतात, म्हणून एकच सांगितली.

तिसऱ्या जनगणनेला ती एक्कावन्न वर्षांची होती. त्या वर्षी घरं आणि माणसं एकाच फेरीत मोजायची होती. तिच्या वाट्याला आलेल्या गल्लीत दुकानांची एक ओळ, बैठ्या घरांच्या दोन ओळी आणि टोकाला अकरा मजली नवी इमारत होती. मजल्यावर चार घरं, एकूण चव्वेचाळीस.

इमारतीच्या सेक्रेटरींनी तिला खुर्ची दिली, थंड पाणी दिलं आणि टाइप केलेली यादी पुढे ठेवली. मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले, व्यवस्थित गृहस्थ होते. चव्वेचाळीस घरं, प्रत्येकाची माणसं, वयं, शिक्षण, सगळं तयार होतं. बाईंनी एवढे मजले कशाला चढायचे, असं त्यांचं म्हणणं. आत्याने यादीचं मनापासून कौतुक केलं, पाणी संपवलं आणि आधी इमारतीला बाहेरून एक फेरी मारायला निघाली. जनगणनेच्या सूचना-पुस्तिकेत तसंच लिहिलेलं होतं: दारं मोजण्याआधी इमारत चहूबाजूंनी पाहावी.

मागच्या बाजूला, जमिनीतल्या पाण्याच्या टाकीला लागून, एक पत्र्याचं दार होतं. त्यावर "पंप रूम, प्रवेश बंद" असं रंगवलेलं. दारासमोर दोरी बांधलेली आणि दोरीवर वीतभर मापाची तीन झबली वाळत घातलेली.

आत्याने कडी वाजवली.

आत दोन पंप होते आणि उरलेल्या जागेत चार माणसं राहत होती: पंपवाला, त्याची बायको, त्याची म्हातारी आई आणि पाच महिन्यांची मुलगी. फळ्या टाकून वर माळा केलेला, त्यावर अंथरुणं. खाली कोपऱ्यात स्टोव्ह आणि भिंतीला टेकवून ठेवलेले झाडू. जिने पुसायचं काम बायकोकडे होतं. आत्याने पालथ्या डब्यावर बैठक मारली आणि फॉर्म उघडला, तोच पंप सुरू झाला. पुढची पंचवीस मिनिटं कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येईना. बाळ मात्र गाढ झोपलेलं होतं. पंप बंद झाला तेव्हा ते दचकून उठलं आणि रडायला लागलं.

प्रश्न सुरू झाले. नाव, वय, किती वर्षं इथे. चार वर्षं. स्वयंपाक कुठे. इथेच. मग पिण्याच्या पाण्याचा प्रश्न आला: घरात, आवारात की लांबून?

"लांबून," बायको म्हणाली.

पंपाने कानठळ्या बसल्या म्हणून आपल्याला चुकीचं ऐकू आलं, असं आत्याला वाटलं. तिने पुन्हा विचारलं. बायकोने पुन्हा तेच सांगितलं. खोलीला नळच नव्हता. चव्वेचाळीस घरांना पाणी चढवणारे पंप तिच्या उशाशी होते, पण पाणी जाड लोखंडी नळातून सरळ वर जायचं. खालच्या टाकीला कुलूप होतं, किल्ली सेक्रेटरींकडे. ती रोज गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सार्वजनिक नळावरून सहा हंडे आणायची. आत्याने "लांबून" या शब्दापुढे खूण केली, बाहेर येऊन लाल मार्करने दारावर आकडा घातला, पंचेचाळीस, आणि चव्वेचाळीस घरांसाठी वर चढली.

दुसऱ्या दिवशी राहिलेले दोन मजले करायला गेली, तर दारावरचा आकडा पुसलेला होता. तिने पुन्हा लिहिला. तिसऱ्या दिवशी त्यावर राखाडी रंगाचा हात फिरवलेला होता. तिने राखाडीवर लिहिला. चौथ्या दिवशी दारच नव्हतं. बिजागऱ्या काढून दार नेलेलं आणि चौकटीला जुनी चादर लटकवलेली. आत्याने चादरीकडे पाहिलं, शेजारच्या भिंतीकडे पाहिलं आणि भिंतीवर वीतभर उंचीचा पंचेचाळीस काढला. पट्टी लावून.

सेक्रेटरी आले, पण आवाज त्यांनी चढवला नाही. नकाशावर ती पंपखोली आहे, तिथे कुटुंब राहतं अशी सरकारी नोंद झाली तर इमारतीची कागदपत्रं अडकतील, चव्वेचाळीस घरांनी घातलेली आयुष्याची पुंजी आहे, असं त्यांनी समजावलं. माणूस खोटं बोलत नव्हता, घाबरलेला होता, हे आत्याने नंतर आम्हाला स्वतः सांगितलं. तिने त्यांना एवढंच सांगितलं की खोली कशासाठी बांधली ते ती विचारत नाही, आत कोण राहतं ते विचारते.

पण तिला खरा हिसका बसला तो शनिवारी. शाळा सुटताना फाटकाशी पंपवाला उभा होता, धुतलेला शर्ट घालून. तो म्हणाला, बाई, आमची नावं काढून टाका. सेक्रेटरींनी सांगितलंय, आकडा राहिला तर खोली सोडा.

आत्याने त्याला कायदा सांगितला. फॉर्मवरची नावं कुणालाही दाखवत नाहीत, अगदी कोर्टालासुद्धा.

"नाव दिसत नसेल, बाई," तो म्हणाला. "आकडा दिसतो ना भिंतीवर."

घरी येऊन ती जेवली नाही. बाबांनी विचारलं तर म्हणाली, हट्ट माझा आणि छप्पर त्याचं जातंय. बाबा म्हणाले, मग खोड ना नाव, तुझं काय जातं त्यात? आत्या म्हणाली, माझं काहीच जात नाही, तीच तर पंचाईत आहे.

रविवारी सकाळी ती पुन्हा पंपखोलीत गेली आणि पालथ्या डब्यावर बसून तिने चौघांनाही ऐकू जाईल असं विचारलं, की काढू का. पंपवाला म्हणाला, काढा. त्याची आई म्हणाली, तो सांगेल तसं. बायको बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होती. तिने तांब्या खाली ठेवला.

"काढू नका," ती म्हणाली.

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं.

"चार वर्षं इथे कुणी राहत नाही म्हणतात," ती त्याला म्हणाली. "मग वर पाणी कोण चढवतं? आपोआप चढतं का? खोली गेली तर दुसरी बघू. तुमच्या हाताला काम आहे, माझ्या हाताला काम आहे. पण मी आहे ते नाही म्हणायला मी काही कुणाचं चोरलेलं नाही." मग आत्याकडे वळून म्हणाली, "लिहिलंय ते राहू द्या, बाई. आणि पोरीचं वय पाच महिने लिहिलंय ना? सहावा चालू आहे तिला."

आत्या म्हणाली, पूर्ण झालेले महिने लिहायचे असतात, पाचच बरोबर आहे.

मंगळवारी आत्याला जनगणनेच्या कार्यालयात बोलावणं आलं. तिथले साहेब सेक्रेटरींचे ओळखीचे होते, हे त्यांनी सांगितलं नाही आणि लपवलंही नाही. त्यांनी तिच्या अक्षराची तारीफ केली. मग पंचेचाळिसावं पान काढून म्हणाले, एवढी किरकोळ दुरुस्ती करून टाका. खोलीचा वापर: राहण्यासाठी नाही. माणसं: शून्य. चार माणसांनी देशाच्या आकड्याला काय फरक पडतो?

शेजारी आत्याचे पर्यवेक्षक बसले होते, दुसऱ्या शाळेचे हेडमास्तर, स्वभावाने मऊ. ते टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर वाचत होते.

आत्या म्हणाली, "मी गणित शिकवते, साहेब. हातचा विसरलेल्या मुलाला मी पूर्ण मार्क देत नाही."

साहेब म्हणाले, मग ही गल्ली आम्ही दुसऱ्याला देऊ. आत्या म्हणाली, जरूर द्या, तोही इमारतीला मागून फेरी मारेल. मग तिने आपलं पेन उघडलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं.

"दुरुस्ती तुम्ही करा," ती म्हणाली. "चार माणसं आहेत, ती मी वगळली, असं तुमच्या हाताने लिहा आणि खाली सही करा. मी साक्षीदार म्हणून सही करते. आत्ता करते."

हेडमास्तरांनी नंतर बाबांना सांगितलं, की ते पेन टेबलावर पुष्कळ वेळ तसंच उघडं पडून होतं. साहेबांनी एकदा ते उचललंही. त्याचं टोपण लावलं आणि आत्याला परत दिलं. पान गठ्ठ्यात गेलं. जाताना ते एवढंच म्हणाले, की बाई, निवृत्तीला अजून सात वर्षं आहेत तुमची. आत्या म्हणाली, हो, मोजलीत.

पुढच्या रविवारी सेक्रेटरींनी आपला शब्द खरा केला. दुपारपर्यंत खोली रिकामी हवी, असं सांगितलं. पंपवाल्याने काही वाद घातला नाही. अंथरुणं, स्टोव्ह, दोन बोचकी आणि आई बाहेर आणून फाटकासमोरच्या फुटपाथवर ठेवली, पंपाच्या स्विचपेटीची किल्ली सेक्रेटरींच्या हातात दिली आणि चौघं तिथेच बसली. आत्या त्या दिवशी गल्लीतल्या बंद राहिलेल्या घरांची शेवटची फेरी करत होती. तिने हे सगळं पाहिलं. मदतीला गेलीस का, असं मी पुढे विचारलं तेव्हा म्हणाली, त्यांना मदत लागत नव्हती, सावली लागत होती. इस्त्रीवाल्याने आपलं टेबल सरकवून म्हातारीला जागा दिली.

चार वाजता वरच्या मजल्यांचं पाणी संपलं. नवा पंपवाला सोमवारी येणार होता. सेक्रेटरी स्वतः पंपखोलीत शिरले. तिथे नळांवर तीन चाव्या, म्हणजे व्हॉल्व्ह, होत्या आणि त्या ठरावीक क्रमाने फिरवायच्या असतात, नाहीतर पंप हवा धरतो, नुसता ओरडतो आणि थेंबभर पाणी ओढत नाही. पंपाने हवा धरली. गृहस्थ कमरेपर्यंत भिजून बाहेर आले. पाचच्या सुमाराला लोक बादल्या घेऊन खाली उतरायला लागले. पंपखोली त्यांनी जन्मात पहिल्यांदा पाहिली. माळा पाहिला, भिंतीवरचा आकडा पाहिला, कुणीतरी विचारलं की इथे राहत होते? नवव्या मजल्यावरच्या बाई बादली घेऊन फुटपाथवर आल्या आणि पंपवाल्याच्या बायकोला म्हणाल्या, जरा तुमच्या नळाचं तरी पाणी दे.

"आम्हाला नळ नाही," ती म्हणाली.

त्या बाईंना ते समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी बादली खाली ठेवली आणि सेक्रेटरींना शोधत गेल्या.

पंपवाला उठायला लागला. पंप चालू करून देतो, म्हणाला, माणसं ताटकळलीत. बायकोने त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवलं. सेक्रेटरी आले, त्यांच्या मागे पंधरावीस लोक आले. ती बोचक्यावरून उठली नाही.

"आधी नळ," ती म्हणाली. "आणि आमचं दार. मग पंप."

प्लंबर रविवारचा मिळत नव्हता, तो सातव्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी मेहुण्याने शोधून आणला. अंधार पडायच्या आत पंपखोलीत अर्ध्या इंचाचा नळ बसला, दाराचा शब्द मिळाला आणि मग पंपवाल्याने पंप सुरू केला. दार उशिरा, मंगळवारी बसलं, कारण ते भंगारवाल्याकडे पोचलं होतं आणि सेक्रेटरींना ते परत आणावं लागलं. कागदपत्रांचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही. इमारत अजून उभी आहे. ते कुटुंब तिथे आणखी दीड वर्ष राहिलं. मग पंपवाल्याला शहराच्या पाणीपुरवठ्यात नोकरी लागली आणि त्यांनी भाड्याची वेगळी खोली घेतली. निरोप घ्यायला बायको मुलीला घेऊन आमच्याकडे आली होती. मुलगी चालत आली आणि चप्पल घालूनच थेट स्वयंपाकघरात शिरली. तिला कुणी अडवलं नाही.

आत्याला जनगणनेच्या कामाचं प्रशस्तिपत्र मिळालं नाही. त्या वर्षी तिच्या शाळेत ते बाकी सगळ्यांना मिळालं, कुत्र्याला घाबरून फाटकातूनच घरं मोजणाऱ्या पीटीच्या सरांनासुद्धा. जूनमध्ये तिची बदली झाली, दोन बस बदलून जावं लागे अशा शाळेत. बाबा म्हणाले, प्रकृतीचं कारण देऊन रद्द करण्याचा अर्ज कर, मी लिहून देतो. त्यांनी खरंच लिहून आणला. आत्याने तो वाचला, त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका लाल पेनने दुरुस्त केल्या आणि परत दिला.

"माझी प्रकृती ठणठणीत आहे," ती म्हणाली.

निवृत्त होईपर्यंतची सात वर्षं ती सकाळी पावणेसहाला घरातून निघायची. पहिल्या बसमध्ये बसायला मिळायचं, दुसरीत कधीच नाही.